दोन खासदारांच्या पक्षाला कॅबिनेट, सातजणांच्या पक्षाला राज्यमंत्री: हे गणित कसं लागतं?

जांबोटी_फाटा

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. आमच्या शिफ्टला चंदगडकडची पोरं आहेत, शिनोळीवरून रोज गाडीवर येतात. ९ जून २०२४ ला केंद्रातल्या नव्या सरकारचा शपथविधी झाल्यापासून डबा खाताना एकच वाद चाललाय. त्यांचं म्हणणं, "तुमच्या कर्नाटकातल्या कुमारस्वामींच्या पक्षाचे खासदार दोन. त्यांना कॅबिनेट, वर अवजड उद्योग आणि पोलाद. आमच्या शिंदेंच्या सेनेचे सात, आणि त्यांना एक राज्यमंत्री. हा कुठला न्याय?" मी म्हटलं, "तुमच्या कर्नाटकातल्या काय म्हणतोस, आम्हाला तिथलं काय मिळतंय?" सगळे हसले. खरं उत्तर मलाही देता आलं नाही.

आघाडी सरकारात हा वाटा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? कुठं लिहून ठेवलेलं असतं काय?

आणि दुसरं. आमच्या खानापूरची मतं उत्तर कन्नड मतदारसंघात मोजतात, आता निवडून आलेले खासदार शिरसीचे. बेळगाव शहर वेगळ्या मतदारसंघात, निपाणी चिकोडीत. एका जिल्ह्याचे तीन तुकडे. आघाडी सरकारात एकेका जागेला भाव येतो म्हणतात. मग आपल्या सीमाभागातल्या मताला कधी भाव आलाय काय? जाणत्यांनी सांगावं. शिवीगाळ नको, ती कँटीनमध्ये भरपूर मिळते.

गणपत_गल्ली

हिशोब-बिशोब काही नसतो बघ. जो जास्त वेळ रुसून बसतो त्याला मोठी खुर्ची.

दुसरं_गेट

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून कायद्यापुरतं सांगतो.

घटनेच्या ७५ व्या कलमानुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात, बाकीचे मंत्री पंतप्रधानांच्या सल्ल्यानं नेमले जातात, आणि सगळं मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. आघाडी हा शब्दही तिथं नाही. कुणालाच बहुमत नसेल तर आधी कुणाला बोलवायचं, याचा क्रम सरकारिया आयोगानं राज्यपालांसाठी सुचवला होता: आधी निवडणुकीपूर्वीची आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जमलेली आघाडी. या वेळी प्रश्नच आला नाही. एनडीए निवडणुकीआधीची, २९३ जागा. ५ जूनला मोदींचा राजीनामा, ७ ला घटक पक्षांची बैठक आणि राष्ट्रपतींची भेट, ९ ला शपथ.

पाठिंब्याच्या पत्रांवर किती विसंबायचं, हा प्रश्न मात्र आपल्याच भागातून सुप्रीम कोर्टात गेला. हुबळीच्या एस. आर. बोम्मईंचं सरकार १९८९ मध्ये आमदारांच्या पत्रांवरून बरखास्त केलं होतं. बोम्मईंनी सभागृहात बहुमत सिद्ध करायची संधी मागितली होती, ती मिळाली नाही. १९९४ च्या निकालात कोर्टानं सांगितलं, बहुमताचा फैसला राजभवनात नाही, सभागृहात. २०१८ मध्ये येडियुराप्पांना बहुमत सिद्ध करायला राज्यपालांनी १५ दिवस दिले होते, कोर्टानं ते दुसऱ्या दिवसावर आणले, आणि मतदानाआधीच राजीनामा झाला.

खात्यांच्या वाट्याबद्दल कायदा गप्प आहे. ते जुन्या लोकांनी सांगावं.

जुना_जुळारी

जांबोटी, वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. माझा उभा जन्म छापखान्यात गेला. शहापुरात ट्रेडल होतं, म्हणजे पायानं चालवायचं छापयंत्र, मग ऑफसेट आली, आता पोरगा फ्लेक्स करतो. हँडबिलं छापता छापता निवडणुका बघितल्या, त्यामुळे माझं ज्ञान पुस्तकी नाही आणि पक्षाचंही नाही. सगळ्याच पक्षांनी बिलं थकवलीत.

कायदा दुसरं गेट यांनी सांगितला तो बरोबर. त्यात एकच भर घालतो. मंत्री किती असावेत याला २००३ पासून लगाम आहे: लोकसभेच्या १५ टक्क्यांवर जायचं नाही. ५४३ चे १५ टक्के म्हणजे ८१. परवा शपथ घेतली पंतप्रधान धरून ७२ जणांनी. नऊ जागा अजून हातात आहेत. त्या चुकून राहिलेल्या नाहीत. मंत्री झालेला माणूस चार महिन्यांनी परत कुरकुरायला लागतो. होणार होणार म्हणून वाट बघणारा वर्षभर गप्प बसतो.

आता कागद घे आणि वजाबाकी कर. बहुमत २७२, भाजप २४०, म्हणजे ३२ कमी. सगळी एनडीए २९३. यातून तेलुगू देसमचे १६ काढ, २७७ उरतात, सरकार उभंच. ते परत मिळव आणि जेडीयूचे १२ काढ, २८१. दोघंही एकदम काढलेस तर २६५, संपलं. म्हणजे किल्ली एकट्या कुणाकडं नाही. शिंदेंचे सात गेले तर २८६. कुमारस्वामींचे दोन गेले तर २९१, कुणाला पत्तासुद्धा लागायचा नाही.

एवढ्यावरच वाटा ठरत असता तर तुझ्या चंदगडच्या दोस्ताचं म्हणणं खरं होतं. खरं आकडा हा नुसता दरवाजा उघडतो. आत गेल्यावर दोन गोष्टी बघतात.

पहिली: घरी कोण कुणाच्या जिवावर आहे. चंद्राबाबूंना आंध्रात १७५ पैकी १३५ जागा एकट्या पक्षाच्या मिळाल्या. त्यांना तिथं भाजपची गरज नाही, दिल्लीला मात्र त्यांची आहे. असा माणूस फार बोलत नाही. एक कॅबिनेट, एक राज्यमंत्री घेतलं, विमान खातं घेतलं आणि गप्प बसला, कारण त्याला आंध्रची नवी राजधानी अमरावती बांधायला पैसे पाहिजेत, मंत्रिपदं नकोत. उलट शिंदे. मुंबईतली त्यांची खुर्चीच भाजपच्या आमदारांवर उभी आहे. मुख्यमंत्रिपद आधीच घेऊन बसलेल्याला दिल्लीत वर आणखी किती देणार? त्यांच्या एका खासदारानं उघड नाराजी बोलून दाखवली, मांझींचा एक खासदार आणि कुमारस्वामींचे दोन यांचा दाखला देऊन. दाखला बिनतोड होता. उपयोग काही झाला नाही.

दुसरी: दिल्लीला स्वतः कोण आलं. कुमारस्वामी दोन वेळचे मुख्यमंत्री, बाप पंतप्रधान झालेला, पक्षाचा मालकच मंड्यातून निवडून येऊन दारात उभा. त्याला राज्यमंत्री हो म्हणून सांगायचं तरी कसं? मांझी एकटेच खासदार, खरं बिहारचे मुख्यमंत्री होऊन गेलेले, म्हणून कॅबिनेट. चिराग पासवान पाचजण घेऊन आले, पक्ष त्यांचाच, कॅबिनेट. आता जयंत चौधरी बघ. खासदार कुमारस्वामींइतकेच, दोन. खरं मुख्यमंत्री कधी नव्हते, मिळालं स्वतंत्र कार्यभाराचं राज्यमंत्रिपद. दोनाला दोन बरोबर असतं तर असं झालं नसतं. शिंदेंच्या सेनेतनं जो मंत्री झाला तो पक्षाचा मालक नव्हे, मालक मुंबईत.

यात सगळ्यांत मजेशीर गोष्ट अजितदादांच्या राष्ट्रवादीची. लोकसभेला एकच खासदार आला. राज्यमंत्रिपद देऊ केलं, स्वतंत्र कार्यभाराचं. प्रफुल्ल पटेल म्हणाले, मी आधी कॅबिनेट मंत्री होतो, खाली कसा येऊ? आणि ते कॅबिनेटला असताना शेवटी कुठलं खातं होतं? अवजड उद्योग! तेच आता कुमारस्वामींकडं गेलं.

भाजपनं कुमारस्वामींना जे दिलं ते दोन खासदारांचे पैसे नव्हेत. म्हैसूर-मंड्या पट्ट्यात वक्कलिग या शेतकरी समाजाची मतं भाजपकडं नव्हती. २०२३ च्या विधानसभेत काँग्रेस १३५, भाजप ६६, जेडीएस १९, तेव्हाच दोघांना कळलं की वेगळं लढून भागत नाही. सप्टेंबर २०२३ ला युती झाली. जेडीएसनं लोकसभेला तीनच जागा लढवल्या, दोन आल्या. राज्यात भाजपच्या स्वतःच्या १७ आल्या, त्यात त्या पट्ट्यातल्या मतांचा वाटा आहे. त्याचं हे बिल.

आणि जेडीएसला हे काही नवीन नाही. २०१८ ला २२४ च्या विधानसभेत ३७ आमदार घेऊन मुख्यमंत्रिपद मिळवलं की, ८० वाल्या काँग्रेसकडून. ते १४ महिन्यांत पडलं, आणि पाडणाऱ्यांचा म्होरक्या आपल्याच जिल्ह्यातला, गोकाकचा रमेश जारकिहोळी. तेव्हा आघाडी कशी मोडते हे शिकायला बेळगावकराला दिल्लीला जायला नको.

आता तुझा खरा प्रश्न. आपल्या मताला कधी भाव आला काय.

१९९६ सांगतो. त्या साली बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते. छपाईची चूक नव्हे, चारशे छप्पन्न. सीमाप्रश्नाकडं कुणी बघत नाही म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं ठरवलं, अर्जांचा पाऊस पाडायचा. डिपॉझिट तेव्हा ५०० रुपये. गावागावातून लोक वर्गणी काढून अर्ज भरायला निघाले, ट्रॅक्टरनं सुद्धा आले. आमच्याकडं आवाहनाची पत्रकं छापायला आली, सोबत भरलेल्या अर्जांच्या नावांची यादी. मी आणि माझा हाताखालचा जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, दोघं खिळ्यांच्या खणांसमोर उभे. यादीत पाटील, पाटील, पाटील. मधे एखादा मोरे, एखादा चौगुले, परत पाटील. अर्ध्या यादीतच 'ट'चे खिळे संपले. शेजारच्या छापखान्यातनं उसने आणले, तर त्याचा पॉइंट, म्हणजे अक्षराचा आकार, वेगळा. यादीच्या खालच्या अर्ध्या भागात सगळ्या पाटलांचा 'ट' जाड आला. कुणी तक्रार केली नाही.

आणि निवडणुकीच्या कागदाला खाली छापखान्याचं नाव, छापून घेणाऱ्याचं नाव आणि प्रतींची संख्या घालावी लागते, आजही लागते. शिवाय छापून घेणाऱ्याची सही असलेलं प्रतिज्ञापत्र, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या, आणि छापल्यावर प्रत कलेक्टर कचेरीत. नेहमी हे काम दहा-बारा उमेदवारांपुरतं. त्या वर्षी तेच ते साक्षीदार सह्या करून करून दमले, एकजण शेवटी म्हणाला, माझा रबरी शिक्का करा.

निवडून कोण आलं? जनता दलाचे शिवानंद कौजलगी. समितीच्या लोकांची डिपॉझिटं गेली, ती जायचीच होती.

खरं पुढचं बघ. त्याच निकालात लोकसभा लटकली. भाजप १६१, काँग्रेस १४०. वाजपेयींचं सरकार १३ दिवस. मग १३ पक्षांची संयुक्त आघाडी, काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा, आणि पंतप्रधान कोण? देवेगौडा. जनता दलाचे देशभरात ४६ खासदार, त्यातले १६ एकट्या कर्नाटकातले. त्या सोळांत आपलं बेळगाव एक. चिकोडीच्या रत्नमाला सवणूर केंद्रात राज्यमंत्री झाल्या. म्हणजे ज्या वर्षी दिल्लीत एकेक जागा सोन्याच्या भावानं जात होती, त्याच वर्षी आपण आपली मतं ४५६ ठिकाणी उधळली. ठरवून, सगळ्यांच्या सहमतीनं. माझं मत विचारशील तर वेळ चुकली. एका खासदाराची किंमत काय असते ते १७ एप्रिल १९९९ ला सगळ्यांनी बघितलं: वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं गेलं. आघाडीत भाव मताला नसतो, जी मतं उचलून इकडची तिकडं जाऊ शकतात त्यांच्या गठ्ठ्याला असतो. आपला गठ्ठा एक तर सुटा, नाहीतर आधीच कुणाच्या तरी खिशात.

लांबलं. पाऊस आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही.

येळ्ळूरकर

काका, लिहिलंय छान, खरं शेवटचं पटलं नाही. माझे वडील त्या ४५६ मधले एक. ५०० रुपये गल्लीतल्या तालमीनं भरले होते. ती पावती अजून घरी आहे, देवाच्या फोटोमागं. वडिलांना मतं किती पडली ते त्यांनी कधी विचारलंच नाही, आईनं तरी त्यांना मत दिलं काय याचीच त्यांना शंका होती, कारण एवढ्या मोठ्या मतपत्रिकेत नाव सापडायला पाहिजे.

तुम्ही म्हणता वेळ चुकली. एका जागी मतं टाकली असती तर समितीचा खासदार झाला असता काय? शहर आणि आजूबाजूचा मराठी पट्टा सोडला तर बाकी मतदारसंघ कन्नड. कधीच झाला नसता. मग उरतात दोन वाटा: काँग्रेस, भाजप, जनता दल यांपैकी कुणाच्या तरी पदरात मतं टाकायची, नाहीतर सगळ्या देशाला दिसेल असं काहीतरी करायचं. आमच्या लोकांनी दुसरं केलं. आणि दिसलं की! त्याच साली कायदा बदलला. लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १०,००० केलं, आता २५,००० आहे. अपक्षाला दहा सूचक लागायला लागले. आज ४५६ अर्ज भरायचे म्हटले तर नुसतं डिपॉझिट १ कोटी १४ लाख. दिल्लीला घाम फुटल्याशिवाय कायदा बदलतात काय?

दुसरं_गेट

येळ्ळूरकर, त्यात नालगोंडाचाही वाटा धरा. त्याच १९९६ ला तिथं ४८० उमेदवार होते, पाण्याच्या प्रश्नावर. तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला तर १,०३३. तिन्ही मिळून कायदा बदलला.

आणि आता मशीन आहे. जुन्या ईव्हीएमला बटणांची चार युनिटं जोडून ६४ नावं मावायची, नव्या एम-३ ला २४ युनिटं जोडता येतात, म्हणजे 'नोटा' धरून ३८४. २०१९ ला निजामाबादमध्ये हळदीच्या शेतकऱ्यांनी अर्ज भरले, १८५ उमेदवार झाले, तेव्हा प्रत्येक केंद्रावर बारा-बारा युनिटं मांडली होती. ४५६ झाले तर परत कागदी मतपत्रिका. म्हणजे काकांना काम.

जुना_जुळारी

ट्रेडल भंगारात गेलं, बाबा. मतपत्रिका तेव्हाही सरकारीच छापायच्या, आम्हाला नाही मिळायच्या.

येळ्ळूरकर, तुझ्या वडिलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कदाचित त्यांच्या नावाचा 'ट' माझ्याच हातचा असेल. खासदार झाला नसता हे मान्य. मी खासदारकीबद्दल बोलत नाही, फरकाबद्दल बोलतोय. २०२१ ची पोटनिवडणूक आठव, सुरेश अंगडी कोविडनं गेल्यानंतरची. भाजपच्या मंगला अंगडी निवडून आल्या, काँग्रेसचे सतीश जारकिहोळी हरले, फरक ५,२४० मतांचा. आणि समितीच्या पोराला त्याच निवडणुकीत १ लाख १७ हजारांवर मतं. म्हणजे समितीच्या गठ्ठ्यातला विसावा हिस्सा इकडचा तिकडं झाला असता तरी निकाल फिरला असता. तो आकडा दोन्ही पक्षांच्या लोकांना पाठ झाला होता, माझ्या दुकानात येऊन बोलायचे. मग तीन वर्षांत काय झालं? या वेळीही समितीचा उमेदवार होता. गठ्ठा टिकला नाही, आणि भाजपचे जगदीश शेट्टर पावणेदोन लाखांच्या वर फरकानं आले. एवढा फरक असल्यावर कोण कुणाला विचारतंय?

सीमाप्रश्नापुरतं सांगायचं तर दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. संसदेला घटनेच्या तिसऱ्या कलमानं राज्याच्या हद्दी साध्या बहुमतानं बदलता येतात. साधं बहुमत म्हणजे हीच एनडीए, ज्यात एका बाकावर शिंदेंची सेना आणि दुसऱ्यावर जेडीएस. यांतला एक उठला की दुसरा बसणार नाही. आघाडी असताना असले विषय कपाटात जातात. १९९६ ला तर पंतप्रधानच कर्नाटकचा होता.

निपाणी_माळ

तुमचं बेळगाव-येळ्ळूर चालू द्या, आमच्याकडचं थोडं सांगतो. चिकोडीत प्रियांका जारकिहोळी ९० हजारांच्या फरकानं आल्या, काँग्रेसच्या. म्हणजे आमचा खासदार दिल्लीत विरोधात आणि बेंगळुरात त्यांचंच सरकार, वडील मंत्री. चालायचंच.

आम्ही ऊसवाले मंत्रिमंडळाची यादी खालून वाचतो. आधी बघतो अन्न खातं कुणाकडं. साखरेचा किमान विक्री दर ३१ रुपये किलो फेब्रुवारी २०१९ पासून या २०२४ च्या जूनपर्यंत आहे तिथंच आहे, आणि एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मात्र दरवर्षी चढते. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४००. कारखानदार याच दोन आकड्यांमध्ये बोट घालून आम्हाला थांबवतो. बिल मागायला गेलं की म्हणतो, दर वाढवायला दिल्लीला सांगा. ते खातं आता धारवाडच्या प्रल्हाद जोशींकडं आलंय. आणि सहकारात अमित शहांच्या हाताखाली पुण्याचे मुरलीधर मोहोळ. आम्हाला कुमारस्वामी किती आणि शिंदे किती यापेक्षा हे दोन जास्त महत्त्वाचे. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला लगाम घातला, तो या दोघांतला कोण उठवतोय ते बघायचं. आमचा निम्मा ऊस कागलकडच्या कारखान्याला जातो, त्याला सीमा नाही.

गणपत_गल्ली

आणि बेळगावला काय मिळालं ते कुणीच लिहिलं नाही. २०१९ ला निदान अंगडी रेल्वेचे राज्यमंत्री होते. या वेळी माजी मुख्यमंत्री निवडून दिला, शेट्टर, तरी मंत्रिपद नाही. जुळारीकाका, तुमचा दुसरा नियम इथं कुठं गेला? माजी मुख्यमंत्री दारात उभा आहे की!

जुना_जुळारी

नियम घटक पक्षांना आहे, घरच्यांना नाही. शेट्टर भाजपचेच. २०२३ ला काँग्रेसमधून लढून आले, हरले, जानेवारी २०२४ ला परत आले. घरच्या माणसाला रुसायलाही कारण लागतं. शिवाय धारवाडचे जोशी आधीच कॅबिनेटमध्ये, शेजारी-शेजारी दोघांना कोण देतंय? रेल्वे राज्यमंत्रिपद मात्र परत कर्नाटकातच आहे, सोमण्णांकडं. कित्तूरवरून धारवाडला जाणारी लाइन अंगडींच्या काळात निघाली होती, तिच्यासाठी त्यांना धरा. त्याला मंत्री बेळगावचा असायला पाहिजे असं नाही.

जांबोटी_फाटा

सगळ्यांचे आभार. जुळारीकाकांची वजाबाकी आज डब्याच्या वेळी पुठ्ठ्यावर लिहून दाखवली. चंदगडचा पोरगा हुशार निघाला. म्हणाला, "तेलुगू देसमचे १६ आणि आमचे ७ एकदम काढ की. २९३ वजा २३ म्हणजे २७०. सरकार पडलं! मग आम्ही बिनकामाचे कसे?" यावर काय बोलू?

जुना_जुळारी

गणित बरोबर आहे त्याचं, शाबास. आता त्याला विचार, सातजण दिल्लीत उठून गेले तर संध्याकाळी मुंबईत काय होईल? नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेची मुदत संपतेय. जागावाटप त्याआधी. शिंदे आपलं बिल तिथं लावणार, दिल्लीत नाही. आणि चंदगडची २०१९ ची आमदारकी अजितदादांच्या पक्षाकडं आहे, तेव्हा तिथं तिघांत कुणाला तिकीट मिळतं ते बघायला तुझ्या दोस्ताला दुर्बीण लागणार नाही. निकाल लागला की सांग, पुठ्ठा जपून ठेव.

येळ्ळूरकर

काका, पावती बघितली. वडिलांचं नाव खालच्या अर्ध्यात होतं काय ते कळायला तुमचं पत्रक पाहिजे. आहे काय एखादं शिल्लक?

जुना_जुळारी

माळ्यावर गठ्ठे आहेत, वाळवी लागलीय निम्म्याला. रविवारी ये, दोघं मिळून काढू. येताना शिडी घेऊन ये, आमची मोडलीय.